वाफ कुणाची, चष्मा कुणाचा

४ डिसेंबर

टिटवे,

आधी आशीर्वाद घे. परवा फोन आपटलास तेव्हा तो माझ्या तोंडातच राहिला, आणि ठेवलेला आशीर्वाद शिळा होतो असं माझी आई म्हणायची. पोटातल्यालाही थोडा दे, सगळा एकटीने संपवू नकोस.

फोनवर आपलं दोघींचं जमत नाही. तू किंचाळतेस, मी त्याच्यावर किंचाळते, आणि शेजारची शिक्षिका भिंतीवर टकटक करते. म्हणून पत्र. माझी शाळा चौथीपर्यंत, त्यातली निम्मी चौथी गोवराने अंथरुणातच गेली, तेव्हा अक्षर वाकडं आलं तर मान वाकडी करून वाच. पत्राचं एक बरं असतं, ते मधेच आपटता येत नाही. फाडता येतं म्हणा, पण तुझा नवरा फाडू देणार नाही. भला माणूस आहे. जरा मुखदुर्बळ आहे, पण तुझ्यासारखी बायको असली की नवऱ्याला बोलायची गरजही पडत नाही.

तू म्हणालीस, "आजी, सगळीकडे ताप-खोकल्याची साथ आहे, हवेतून पसरते आहे. तू त्या मैदानावर घोळक्यात धापा टाकत फिरणार असशील तर माझ्याकडे येऊ नकोस." मी म्हणाले, "फिरले नाही तर तुझे चार मजले चढू कशी?" तू म्हणालीस, "मग नको चढूस." आणि आपटलास.

दोघींचंही खरं आहे, हीच तर पंचाईत. तुला लहानपणापासून दमा, त्यात सातवा संपत आलेला, डॉक्टरांनी बजावलंय की खोकणारं माणूस उंबऱ्याच्या आत नको. आणि माझ्या गुडघ्याच्या डॉक्टरांनी बजावलंय की आजी, बसलात की बसलात. महिनाभर चालला नाहीत तर जिना विसरा. तुझ्या आईला बाळंतपणाला येता येत नाही, ती दिवसभर औषधांच्या दुकानात खोकणाऱ्यांच्या रांगेसमोर उभी. उरले मी. आणि मला यायचंच आहे. तुला पहिली आंघोळ मी घातली, तुझ्या बाळाला दुसऱ्या कुणी घातली तर मी त्या बाईला बादलीत बुडवीन.

तुझ्या बाबाला मी म्हटलं, "लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याची लेक, आणि घर घेतलंन बिनलिफ्टचं, तेही चौथ्या मजल्यावर!" तर म्हणतो, "आई, न्हाव्याच्या घरचे केस कायम वाढलेलेच असतात."

तर काळजी नसावी. मैदान मी बंद केलं आहे. घरातच जेवणाच्या टेबलाभोवती फिरते. काल तुझी आई दुधाचं पातेलं घेऊन उलट्या दिशेने आली. दूध माझ्या अंगावर, मी टेबलावर, आणि तुझा बाबा हसून हसून जमिनीवर.

तुझी आजी

ता.क. मैदानावरच्या बाकांना नवा हिरवा रंग दिला आहे. छान दिसतो. असं मला कुणीतरी सांगितलं.


९ डिसेंबर

टिटवे,

रंगाचं तुझ्या लक्षात आलंच असेल. तू माझीच नात.

हो, जाते. तुझा बाबा घोरत असतो तेव्हा जाते आणि तो उठायच्या आत परत येऊन गादीवर पडते. काल विचारलं त्याने, "आई, झोपेत बूट घालतेस?" मी म्हटलं, "पाय गार पडतात." आता यात खोटं काय आहे?

पण ऐक तर. आम्ही काही वेडेबागडे नाही. आमच्या मंडळाचे प्रमुख कवायतमास्तर. आयुष्यभर शाळेत पोरांना रांगेत उभं केलं, आता म्हाताऱ्यांना करतात. बायको म्हणे घरात चमचेही उंचीप्रमाणे लावते. साथ आली तशी मास्तरांनी पहिल्या दिवशी शिट्टी मारून फर्मान काढलं, "गोल बंद! गोलात तोंडासमोर तोंड येतं. आजपासून एकामागे एक. हातभर अंतर. पुढच्याची पाठ बघायची, तोंड नाही!"

म्हणजे कुणाचं तोंड कुणाला दिसत नाही. तोंडच दिसत नाही तर आजार कुठून येणार? आम्ही टाळ्या वाजवल्या.

मास्तर पुढे, त्यांच्यामागे दातांचे डॉक्टर, मग शिंपीणबाई, मग मी, माझ्यामागे बाकीचे. मुंग्यांची रांग बघ. आणि मास्तर ओरडतात, "आवाज द्या!" की आम्ही सगळे, "एक! दोन! एक! दोन!" शेजारच्या इमारतीतून कुणीतरी खिडकी उघडून म्हणालं, "तीन म्हणा एकदा, कान किटले ऐकून." शिंपीणबाई म्हणाल्या, "तीनाला धाप लागते हो!"

रांग झाली की प्रेक्षकांच्या पायऱ्या. तिथे मी चढते. पहिल्या आठवड्यात अर्ध्यावर बसकण मारली, आता वरपर्यंत जाऊन वर हात करते. वर कुणी नसतं, कावळे असतात, पण हात केल्याशिवाय चढल्यासारखं वाटत नाही.

व्यायाम संपला की सगळे सामानाच्या खोलीत चहाला जमतात. मी जात नाही, मला तुझा बाबा उठायच्या आधी घरी पोहोचायचं असतं. शिंपीणबाई म्हणतात, "अहो, चहाला तरी थांबा, तुमचा लेक काय सासू आहे का?" मी म्हणते, "सासू परवडली असती."

चहाचा वास मात्र फाटकापर्यंत मागे येतो. तुझ्यासाठी काय काय सोसते बघ.

पत्राला उत्तर नाही आलं तुझं. येईल. पोस्ट मंद झालं आहे हल्ली.

तुझी पायऱ्या चढणारी आजी


१९ डिसेंबर

टिटवे,

तुझंही पत्र नाही आणि मलाही लिहायला तोंड नव्हतं. आता लिहिते, कारण तुला दुसऱ्याकडून कळलं तर वाईट.

परवा हाडं गोठवणारी थंडी पडली. गवत पांढरं. सगळ्यांच्या तोंडातून वाफ, जणू म्हाताऱ्यांची आगगाडीच निघाली. मला गंमत वाटत होती. पायऱ्यांच्या आधी मास्तरांनी वेग वाढवला, "एक! दोन!" जोरात, आणि एकदम मला दिसेनासं झालं. चष्मा पांढरा. पुसला. पुन्हा पांढरा. आधी वाटलं माझीच वाफ. म्हणून तोंड मिटलं, श्वास धरला. तरी पांढरा!

मग डोळे बारीक करून पाहिलं. शिंपीणबाईंच्या तोंडातला ढग त्यांच्या खांद्यावरून मागे येत होता आणि सरळ माझ्या नाकावर बसत होता. त्यांच्यापुढे डॉक्टरांचा ढग त्यांच्यावर. मास्तरांचा डॉक्टरांवर. आम्ही एकमेकांचे उष्टे श्वास ओळीने घेत होतो गं!

मी रांग सोडली आणि ओरडले, "मास्तर, थांबवा! हे बघा काय चाललंय ते!"

मास्तर म्हणाले, "रांग मोडू नका!"

"रांग गेली उडत! माझ्या चष्म्यावर वाफ कुणाची आहे?"

"तुमचीच असणार."

"मी तोंड मिटलं होतं!"

"तुम्ही?" दातांचे डॉक्टर म्हणाले. "कधी?"

सगळे हसले, मीही हसले. आणि हसता हसता शिंपीणबाई खोकल्या. साधा नाही, खालून आलेला खोकला. म्हणाल्या, "काही नाही हो, कालपासून घसा खवखवतोय, नातवाला ताप आहे ना घरी." तोंडावर हात घेतला आणि डोळे एवढे मोठे झाले. बिचारीला त्या क्षणीच कळलं.

हसू तिथल्या तिथे विरलं. मला तुझं तोंड दिसलं, फोन आपटतानाचं.

घरी येऊन मी सगळं सांगितलं तुझ्या बाबाला. बूट घालूनच सांगितलं. तो ओरडेल वाटलं होतं. तो नुसता खाली बसला आणि म्हणाला, "आई, तिच्याकडे जायचं तिकीट पंचवीस तारखेचं आहे." मी म्हटलं, "रद्द कर." आणि मागच्या खोलीत येऊन दार लावून घेतलं. खिडकी सताड उघडी, अंगावर दोन रजया. तुझी आई तोंडाला मास्क लावून ताट उंबऱ्यावर ठेवते आणि दुकानातल्यासारखं विचारते, "ताप? अंगदुखी? घसा?" मी म्हणते, "सुट्टे नाहीत."

खोकला नाही अजून. पण येत नाहीये म्हणजे येणारच नाही असं नसतं म्हणे, काही दिवस लपून बसतो.

तू म्हणाली होतीस तेच झालं, असं तू म्हणू शकतेस. म्हण. पण म्हण तरी काहीतरी.

आजी


२२ डिसेंबर

ताप नाही. घसा नाही. काल शिंक आली तर तुझा बाबा दारापाशी धावत आला, "आई!" मी म्हटलं, "मिरपूड होती रे आमटीत." तर म्हणाला, "मग मिरपूड बंद." आता बेचव जेवते आहे. आजारापेक्षा खबरदारीनेच मरेन.

मंडळातले बरेच जण झोपलेत. शिंपीणबाई, दातांचे डॉक्टर, खुद्द मास्तरसुद्धा. आजारी आहेत, पण ठीक आहेत, शिंपीणबाईंनी तर अंथरुणातून निरोप पाठवला की लोकरीचं काही शिवायचं असेल तर मापं कळवा.

तुझ्या नवऱ्याने तुझ्या बाबाला सांगितलं की तू माझी पत्रं उशीखाली ठेवतेस. तुला सांगू नका म्हणाला, म्हणून मी सांगत नाहीये.


२७ डिसेंबर

अगं टिटवे, टिटवे, टिटवे!

मी बरी आहे! म्हणजे मी आजारीच नव्हते! नाकात काडी घालून तपासलं, दोनदा, दोन्ही वेळा काही नाही. त्या काडीने आठवी पिढी आठवली, पण काही नाही!

आता मजा ऐक. आमच्या गल्लीच्या टोकाला छातीच्या डॉक्टरीणबाई राहतात. मैदानाच्या कडेने एकट्याच धावतात, कुणाच्या अध्यात न मध्यात. त्या माझ्या खिडकीखाली आल्या, लांब उभ्या राहिल्या आणि मी वरून सगळी हकीकत ओतली. रांग, वाफ, चष्मा, खोकला. त्यांनी विचारलं, "व्यायामानंतर कुठे बसता?"

"बाकीचे सामानाच्या खोलीत. चहाला."

"खिडक्या?"

"थंडीत कोण उघडतंय? दारही लावून घेतात."

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "आजी, मोकळ्या हवेत धोका कमीच असतो, वारा पातळ करून टाकतो सगळं. अगदी नसतो असं नाही. धापा टाकणारा माणूस, ओरडणारा माणूस जास्त श्वास फेकतो आणि तो लांबवर जातो, त्याच्या मागे हातभर अंतरावर चालणं चूकच. पण तुम्ही बाहेर एवढी शिस्त पाळलीत आणि मग सगळे धापा टाकत एका डब्यात जाऊन बसलात की हो! मुख्य घोळ त्या खोलीत झालेला दिसतोय. तुम्ही कशा सुटलात?"

"मी चहाला थांबत नव्हते. लेकापासून लपून जायचे ना. तो उठायच्या आत घरी यायला लागायचं."

त्या इतक्या हसल्या की त्यांनाच खोकला येईल म्हणून मी खिडकी लावायला निघाले. आणि मागून दाराआड तुझा बाबा म्हणतो, "म्हणजे मी वाचवलं!" मी म्हटलं, "तू झोपला होतास!" तो म्हणाला, "झोपून वाचवलं!" आता हे तो जन्मभर सांगणार. कालच लिफ्टच्या कारखान्यात सांगून आला.

मी विचारलं, "डॉक्टरीणबाई, मग मी चालू का बंद करू? खरं सांगा, माझी नात पोटुशी आहे, दम्याची आहे."

त्या म्हणाल्या, "चाला. पण मोकळं चाला. कुणाच्या मागे चिकटू नका, बाजूने चाला, दोन-तीन माणसांएवढी जागा सोडून. बोलायचं तर चालताना नाही, थांबून, लांबून. खोकला असेल त्याने घरी. आणि नातीकडे जाताना आगगाडीच्या बंद डब्यात मास्क सोडू नका, तिथे तुमच्या मैदानापेक्षा जास्त धोका. पोहोचल्यावर लगेच कुशीत शिरू नका, चार-सहा दिवस वेगळ्या रहा."

हे सगळं मी तुला जसंच्या तसं लिहिलं आहे. वाटल्यास तुझ्या डॉक्टरांना दाखव. नाही पटलं तर मी येणार नाही. रडेन, पण येणार नाही.

तुझी निरोगी आजी


४ जानेवारी

टिटवे,

तुझं पत्र आलं! पत्र कसलं, एक ओळ. "किती मजले चढतेस?"

तुझी आई ती ओळ फ्रेम करायची म्हणाली. तुझा बाबा म्हणाला, "एवढ्याशा कागदाला फ्रेम महाग पडेल." मी ती बुटात ठेवली आहे, डाव्या. चालताना टोचते, बरं वाटतं.

उत्तर: मैदानाच्या पायऱ्या पाच मजल्यांएवढ्या आहेत असं तुझा बाबा म्हणतो, तो मोजून आला. मी वर जाते, वर हात करते आणि उतरून परत जाते. गुडघा कुरकुरतो. कुरकुरू दे, त्याचं वयच आहे कुरकुरायचं.

मंडळ पुन्हा सुरू झालं. पहिल्या दिवशी मास्तर गळ्यात शिट्टी अडकवून आले, पण वाजवली नाही. सगळ्यांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "मंडळी, चाळीस वर्षं मी सगळ्यांना एकामागे एक उभं केलं. दुसरं काही येत नाही मला. आता आजींनी सांगावं."

मी सांगू! मला तर घाम फुटला त्या थंडीत. मग म्हटलं, "मास्तर, रांग राहू द्या. फक्त आडवी करा."

मास्तरांचा चेहरा असा उजळला! आडवी रांग त्यांना येते की! मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आम्ही सगळे एका ओळीत, मधे मोठमोठी जागा, कुणी कुणाच्या मागे नाही. मास्तर कडेला, गवताचं पातं उडवून वारा बघतात. वारा आडवा आला तर सगळ्या रांगेला वळवतात. आकडे आता तोंडाने नाही, टाळीने. चहा बाहेर, आपापला डबा आपापल्या घरून, बाकांवर एक सोडून एक. शिंपीणबाई पार त्या टोकाला असतात, तिथून मला हातवारे करतात आणि मी इथून. एवढ्या लांबून चहाडी करायची म्हणजे अंगात कला लागते.

खिडकीतल्या माणसाने काल विचारलं, "आवाज का बंद?" मास्तर म्हणाले, "तुमचीच तक्रार होती ना?" तो म्हणाला, "सवय झाली होती हो. आता मला जाग येत नाही, कामाला उशीर होतो."

तिकीट काढलं आहे. तुझा नवरा म्हणाला की घरमालकीणबाईंची तळमजल्यावरची खोली रिकामी आहे, तिथे आधी राहीन. तुझ्या डोक्यातून निघालं असणार, त्याच्या नाही.

आजी


१७ जानेवारी, तुझ्याच घराच्या तळमजल्यावरून

टिटवे,

काय ही नवलाई, वर तू आणि खाली मी, आणि मी तुला पत्र लिहिते!

गाडीत मी मास्क नाकाच्या खाली उतरू दिला नाही. समोरच्या बाईने विचारलं, "तुम्ही आजारी आहात का?" मी म्हटलं, "नाही, पणजी व्हायची आहे." तिनेही पर्समधून काढून लावला. मग दोघी मास्कमधून गप्पा मारत आलो, तिच्या तीन सुना मला आता तोंडपाठ आहेत.

खोली चांगली आहे. घरमालकीणबाई दारातून दहा प्रश्न विचारतात आणि उत्तर ऐकायच्या आत पळतात. तू गच्चीवरून हात करतेस तेव्हा पोट आधी दिसतं, मग तू. आंबट खातेस की नाही, हे ओरडून विचारलं तर अख्ख्या गल्लीने उत्तर दिलं.

आज मी घराभोवती फिरले. उद्याही फिरेन.


२० जानेवारी

पहाटे तुमचा गोंधळ ऐकला. गाडीचं दार, तुझा ओरडा, तुझ्या नवऱ्याचे धावते पाय. दोन आठवडे आधीच! मी खिडकीत उभी राहिले आणि नुसती म्हणाले, जा बाळा, जा. बाहेर आले नाही. वेगळं राहायचे दिवस संपले नव्हते. आयुष्यात एवढं अवघड काही केलं नाही मी, एका दाराच्या आत उभं राहणं.

दुपारी तुझ्या नवऱ्याने खिडकीबाहेरून सांगितलं, "मुलगी. दोघी छान. हिचा श्वासही छान." आणि तो मुखदुर्बळ माणूस तिथे रस्त्यात हमसून हमसून रडला. मी वरून, नाही, खालून, अगं कुठून तरी, त्याच्याबरोबर रडले.


२४ जानेवारी, जिन्यात

पेन्सिलीने लिहिते आहे, तिसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसून. काल तुम्ही घरी आलात. आज सकाळी पुन्हा काडी घातली नाकात, काही नाही. ताप नाही, खोकला नाही. तुझ्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, "येऊ द्या आजींना."

धाप लागली आहे. घाबरू नकोस, ही आजाराची नाही, वयाची आहे आणि थोडी घाईची. पहिला मजला सहज चढले. दुसरा गुडघ्याशी भांडत. तिसऱ्यावर एक म्हातारे गृहस्थ भेटले, म्हणाले, "बसा, पाणी आणतो." मी म्हटलं, "वर पाणी आहे. सगळंच वर आहे."

आता एकच जिना राहिला.

वरून रडणं ऐकू येतंय. बारीक, चिडकं, हट्टी. अगदी तुझ्यासारखं. आणि मधे मधे तुझा आवाज, "ओरडू नकोस गं, येतेय ती, येतेय." टिटवे, मला सगळं ऐकू येतं हं.

पत्र इथेच पायरीवर सोडते, कुणीतरी नंतर आणा. वरती हात रिकामे हवेत.